मातामायचा परसाद

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! नागपूरहून अमरदादानं स्वतः गाडीनं आणून सोडलं. बँकेतून त्याला रजा मिळत नाही, पण धाकट्या बहिणीची पहिली नोकरी म्हणून साहेबांशी भांडून घेतली. भंडारा मागे पडलं, कारध्याच्या पुलावर त्यानं गाडी हळू करून मला वैनगंगा दाखवली, आणि तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं धान. काही बांध्या, म्हणजे खाचरं, कापून झालेल्या, काहींत बाया वाकलेल्या. काच खाली केली, तर कापल्या धानाचा गोडसर वास थेट या निमटोली गावापर्यंत सोबत आला.

दादानं वाटेत एकच बजावलं. गावात 'आरोग्याचं काम करते' एवढंच सांगायचं. मानसिक रुग्णांच्या प्रकल्पात आहे असं कुणापाशी बोलायचं नाही, कारण पुढे माझ्या स्थळाच्या वेळी लोक नसते अर्थ काढतील. मला हसू आलं. समाजकार्याची पदवी घेतली, समुपदेशक म्हणून नेमणूक मिळाली, आणि तीच लपवायची? पण तो काळजीनंच बोलत होता. बरं म्हटलं.

खोली मस्त आहे. घर शकुबाईंचं. पुढे सपरी, म्हणजे आपली ओसरी, मधे धानाची कोठी, कोठीला लागून माझी खोली. मागे वाडी, आणि वाडीच्या कुंपणापलीकडे लगेच तलावाची पाळ. शकुबाई पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती स्वतः उभं राहून करून घेतात. दादाला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. भात, वरण, भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी आणि वरून तलावातले उकडलेले शिंगाडे. दादा पोट धरून गाडीत बसला.

त्यांची मुलगी गुड्डी पण इथंच असते. ती काही बाहेर आली नाही. तब्येत जराशी नरम आहे म्हणाल्या.

काम असं आहे: दर मंगळवारी भंडाऱ्याला आमच्या संस्थेच्या केंद्रात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. इतर दिवशी मी आसपासच्या गावांत फिरायचं, ज्यांना गरज आहे त्यांना शोधायचं, घरच्यांना समजवायचं आणि मंगळवारी केंद्रावर आणायचं. लिहायला किती सोपं!

७ नोव्हेंबर

गावोगाव फिरून शोधायचं होतं, आणि पहिली रुग्ण राहत्या घरातच सापडली.

आज सकाळी गुड्डी कोठीच्या भिंतीला कान लावून उभी होती. माझ्याच वयाची, बी.ए.पर्यंत शिकलेली. अंगावर मळकट गाऊन, केसांच्या जटा व्हायला लागलेल्या. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "आयकू येते न तुमाले बी?" तलावातली बाई भिंतीतून बोलते म्हणे. ये म्हणते. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी उत्तर दिलं, की मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय यावर माझा विश्वास आहे. ती इतकी गोड हसली! बऱ्याच दिवसांत तिला कुणी असं म्हटलं नसावं.

शकुबाईंशी बोलले. धानाच्या मागच्या रोवणीपासून हे सुरू झालंय. आधी झोप गेली, मग बोलणं तुटलं, मग ही बाई आली. गावचे मंगरू पुजारी म्हणाले, तलावातल्या बाईनं धरलंय. तेव्हापासून उतारे झाले, कोंबडं झालं, लिंबं झाली. मी दवाखान्याचं नाव काढताच त्यांनी सपरीचं दार लोटून घेतलं.

"गुड्डी पागल नोहे, बाई. तिले बाहेरचं लागलं हाये. बाहेरचं आज ना उद्या उतरते. पागलाच्या डाक्टरपाशी नेलं तं तो ठपका उतरते का? मंग कोन करन तिच्यासंग लगन?"

दादाचं गाडीतलं बोलणं आठवलं.

११ नोव्हेंबर

गुड्डीला घेऊन भंडाऱ्याला गेले. शकुबाईंना सांगितलं, अशक्तपणासाठी रक्त तपासून आणते. हे पहिलं खोटं. बसमध्ये गुड्डी खिडकीशी बसून सारखी रस्ता बघत होती, लहान मुलीसारखी.

डॉक्टर फार चांगले आहेत. तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले. आजार बरा होण्यासारखा आहे, वेळेत आलात, गोळ्या सुरू करू म्हणाले. मला बाजूला घेऊन एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली: गोळी कशाची, किती, कुणाला आणि का, हे आईला नीट समजलंच पाहिजे. न समजता दिलेली गोळी घरात टिकत नाही. मी हो म्हटलं.

आणि संध्याकाळी सांगितलं, खरं तेच सांगितलं. शकुबाईंनी गोळ्यांची पट्टी मुकाट्यानं घेतली आणि वाडीतल्या शेणखड्ड्यात टाकून दिली. पुढच्या महिन्यात दुसरी खोली पाहा म्हणाल्या. मंगरू पुजारी सपरीवर बसले होते. त्यांना राग आला नाही. गोळी देहाला लागेल, पण पाण्यातलीला गोळी कोण खाऊ घालणार, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. म्हातारा मनापासून बोलतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

१४ नोव्हेंबर

आज भर दुपारी गुड्डी तलावात उतरली. शिंगाडे काढणाऱ्या बायांनी पाहिलं म्हणून वाचली. छातीपर्यंत पाण्यात गेली होती आणि हसत होती, असं त्या सांगत होत्या. मी पोचले तेव्हा शकुबाई पाळीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पदरानं तिचे केस पुशीत होत्या, आणि थांबत नव्हत्या.

डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या पट्ट्या माझ्या बॅगेत होत्या. मी खोलीत आले. दार लावलं. गोळ्या पट्ट्यांतून काढून त्यांची पूड केली, कागदाच्या पुड्या बांधल्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलं, आणि बाहेर येऊन शकुबाईंना म्हटलं की गावच्या देवीच्या, मातामायच्या पायाशी ठेवून आणलंय. मी दवाखान्याचं मनातून काढून टाकलंय. हा परसाद गुड्डीला रोज द्या.

त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मग माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकले.

जीव वाचवायला बोलले. पुढे ती बरी झाली की सगळं सांगेन. नक्की सांगेन.

३० नोव्हेंबर

गुड्डीनं आज न्हाऊन वेणी घातली. भिंतीपाशी जाणं कमी झालंय. बाईचा आवाज येतो, पण दुरून येतो म्हणते, पाळीपलीकडून. परवा सगळ्यांसोबत धान बांधायला गेली आणि ऊन लागलं म्हणून तक्रार करत आली. तिची ती कुरकुर ऐकून शकुबाई चुलीपाशी रडत होत्या.

मंगळवारी केंद्रावर डॉक्टरांनी विचारलं, आईनं कसं स्वीकारलं? मी म्हटलं, समजावलं, पटलं. ते खूश झाले. पुढच्या बैठकीत मी हा अनुभव सगळ्यांना सांगावा असं म्हणाले.

येताना बसमध्ये माझ्याच तोंडाची मला लाज वाटत होती. पण गुड्डी बरी होतेय ना? मग?

८ डिसेंबर

माझ्या परसादानं गुड्डीला गुण आला, हे शकुबाईंनी गावभर केलंय. काल एक बाई नारळ घेऊन आली, तिच्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. आज दोघी आल्या. मी सगळ्यांना हात जोडून परत पाठवते, पण खोटं का लिहू? बरं वाटतं. कॉलेजात कुणी मला वळून पाहत नव्हतं, आणि इथं वाटेनं जाताना म्हाताऱ्या पदर सावरतात.

शेजारच्या जनाबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सून रिता, पहिलं बाळंतपण, मुलगा झालाय. पोर सारखं रडतं, आणि आता त्याच्यासोबत तीही रडते. मी सांगितलं, बाळाला उपकेंद्रावर दाखवा, आणि रिताला मंगळवारी माझ्यासोबत पाठवा. जनाबाई तोंडावर हो म्हणाल्या. त्यांना ते नको होतं. त्यांची नजर देव्हाऱ्याकडे होती, पुड्यांकडे.

त्या गेल्यावर मला पुड्या कमी वाटल्या. शकुबाईंना विचारावं असं मनात आलं. पण विचारलं असतं तर कशाच्या आणि का, ते सगळंच सांगावं लागलं असतं. विचारलं नाही.

१२ डिसेंबर

दुपारी जनाबाईंकडे डोकावले. आज बाळ झोळीत शांत झोपलं होतं. रिता उन्हात बसून केस विंचरत होती, मला बघून हसली. कालपासून मस्त झोपून राहिला म्हणे, दूध प्यायलाही उठत नाही. मी झोळीवर वाकून पाहिलं. श्वासाला घरघर होती, मांजरीच्या पिल्लासारखी. थंडी आहे, कानटोपी घाला म्हटलं, आणि निघाले.

१३ डिसेंबर

जनाबाईंचा नातू गेला.

सकाळी झोळीत गार लागला. दिवस वर यायच्या आत तलावापलीकडे पुरूनही आले. एवढ्याशा लेकराला कोण दवाखान्यात नेतो आणि कोण विचारतो. मी रिताजवळ बसले होते. ती झोळीकडेच बघत होती. झोळी तशीच टांगलेली होती आणि वाऱ्यानं जराशी हलत होती.

घरी आल्यावर शकुबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या. डोळे पुसत मलाच विचारायला लागल्या.

"म्याच देल्ला होता परसाद जनाबाईले. गुड्डीले गुन आला, लेकराले बी येईन म्हटलं. मधात कालवून चाटवला तिनं. मंग मातामायनं काहून नाई आयकलं, बाई?"

मी विचारलं, किती चाटवला.

"अख्खी पुडी."

मी काही बोलले नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

१४ डिसेंबर

पुड्यांवर नाव नव्हतं. काय आहे, किती द्यायचं, कुणाला नाही द्यायचं, सगळं त्या पट्टीवर छापलेलं होतं. मी ते काढून टाकलं आणि कुंकू लावलं.

परवा झोळीवर वाकले होते तेव्हा ते जिवंत होतं. उचलून भंडाऱ्याला नेलं असतं तर —

सांगायला हवं. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. पोलीस येतील. दादा काय म्हणेल. जनाबाईंना कळेल की आपल्याच बोटानं आपण नातवाला काय चाटवलं. आणि सांगून बाळ काही परत येणार नाही.

वरचं पुन्हा वाचलं. सगळ्यात आधी नोकरी लिहिली आहे.

१७ डिसेंबर

गावात कुजबुज आहे. बाळ गेलं त्याच्या आदल्या आठवड्यात गुड्डीनं त्याला मांडीवर घेतलं होतं, त्याला गाणं म्हटलं होतं. तलावातली बाई तिला सोडून गेली नव्हती, लेकरावर टपून बसली होती, असं म्हणतात. कालपर्यंत तिच्याशी बोलणाऱ्या बाया आज पोरांना पदराखाली घेतात.

शकुबाईंनी उरलेल्या पुड्या तलावात शिरवल्या. मातामाय रुसली म्हणाल्या. म्हणजे गुड्डीच्या गोळ्याही बंद. माझ्याकडे आणखी आहेत, पण बॅगेतून त्या बाहेर काढवत नाहीत. पट्ट्या बघितल्या की बॅगेची चेन लावून टाकते.

गुड्डीनं मला विचारलं, "ताई, म्या तं त्याले खाली पाडला नाई. मंग मातामाय माह्यावर काहून रागावली?"

१९ डिसेंबर

आज दुपारी मातामायच्या देवळापुढे सगळे जमले. मंगरू पुजारी, जनाबाई, टिकाराम म्हणजे शकुबाईंचे दीर, आणि अर्धं गाव. गुड्डीला मधे बसवलं होतं. मलाही बोलावलं. मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते. वाटेत मनात वाक्यं जुळवली होती.

मंगरू पुजाऱ्यांनी माझ्यापुढे हात जोडले. एवढा म्हातारा माणूस. त्यांनी मला एकच विचारलं.

"ताई, परसाद तुमच्या हातचा. परसादात काही खोट होती का? असन तं सांगून द्या. कोनी काही म्हननार नाई."

कोणी काही म्हणणार नाही म्हणाले. दार उघडून दिलं होतं त्यांनी. जनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. रिता भिंतीला टेकून बसली होती. आणि मी म्हटलं:

"नाही. परसादात खोट नव्हती."

मग सगळ्यांच्या माना एकदम गुड्डीकडे वळल्या.

मी तिचं नाव घेतलं नाही. पण त्याची गरजच नव्हती.

२१ डिसेंबर

गुड्डीला नेलं. जंगलातल्या ठाण्यावर. तिथं एक महाराज बसतात, उतरेपर्यंत झाडाला बांधून ठेवतात. टिकारामचा ट्रॅक्टर होता. ती आपणहून चढली, नवा ड्रेस घालून. तिला वाटलं, मंडईच्या जत्रेला चाललो.

ट्रॅक्टर सुटल्यावर तिनं मला हात केला.

२३ डिसेंबर

केंद्रावर गेले. डॉक्टरांनी गुड्डीचं विचारलं. मावशीकडे गेली, गोळ्या सोबत दिल्या म्हटलं. किती सहज येतं आता. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की तुझी स्वतःची झोप कशी आहे, जेवतेस का, काही बोलायचं आहे का. बाहेर रांग होती, तरी ते थांबले होते.

मी छान आहे म्हटलं.

२५ डिसेंबर

कोठीतून घरघर ऐकू येते.

भर दुपारी. उंदीर असतील म्हणून कोठीत गेले, तर आवाज थांबला. खोलीत आले की पुन्हा. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखी. घरात कुणी नव्हतं. शकुबाई शेतात लाखोरीचं पीक बघायला गेल्या होत्या.

बाहेर येऊन मी कोठीच्या भिंतीला कान लावला. बराच वेळ तशीच उभी होते. मग भान आलं की गुड्डीही इथंच उभी राहायची. याच जागी. तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे भिंतीवर.

२६ डिसेंबर

लक्षणं मला पाठ आहेत. मीच लोकांना विचारते: इतरांना न ऐकू येणारं काही ऐकू येतं का? कधीपासून? त्याआधी काय घडलं होतं?

हेच डॉक्टर मला विचारतील. त्याआधी काय घडलं होतं.

म्हणून जाता येत नाही.

किंवा हे लक्षण नाही. ते खरंच आलंय. दोन्हींत काय वाईट, मला कळत नाही.

२८ डिसेंबर

ठाण्यावर गेले. रस्ता संपल्यावर बरंच पायी जावं लागतं, फोनही लागत नाही. मोहाच्या झाडाखाली गुड्डी बसली होती. पायात साखळी. घोट्याला चिंधी बांधलेली, चिंधीवर माश्या. मंडईसाठी घातलेला तोच ड्रेस. आणखी दोन-तीन माणसं दुसऱ्या झाडांना होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. गोळ्या, पुड्या, कुंकू, मध. सगळं. तिनं शांतपणे ऐकलं. मग माझे डोळे पुसले. तिच्या हाताला राखेचा वास होता.

"तुम्ही कायले रडता, ताई? तुम्ही नाई मारला. म्याच खाल्ला त्याले. बाई सांगते न मले रोज. म्या कबूल करून टाकलं महाराजापाशी."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान हलवत राहिली, आणि माझीच समजूत घालत राहिली. तिला ऐकू येतं यावर माझा विश्वास आहे असं मीच म्हटलं होतं ना? आता तिचा माझ्यावर नाही.

साखळी सोडायला गेले, तर महाराजाच्या माणसांनी मला धरून वाटेला लावलं.

२९ डिसेंबर

सांगितलं. जनाबाईंच्या अंगणात उभी राहून, सगळ्यांसमोर. तो परसाद नव्हता, दवाखान्याची गोळी होती, मी फसवलं, त्यानंच बाळ गेलं, गुड्डीनं काही केलं नाही, तिला सोडवून आणा, पोलिसांना बोलवा, मी येते.

कुणी रागावलं नाही.

मी शिव्यांची वाट पाहत होते. जनाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या, जोरजोरात. मातामायचा परसाद होता म्हणाल्या, मी माझ्या हातानं चाटवला, परसादच होता. मग कानांवर हात ठेवले. शकुबाईंनी मला मागून घट्ट धरलं. तेव्हा समजलं. माझं खरं मानलं तर त्या दोघींना जगायला जागाच उरत नाही.

फक्त रिता उठून जवळ आली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "तुम्ही आल्ता त्या दिवशी, तवा नेला असता तं वाचला असता का?"

मी हो म्हटलं.

ती तिथंच खाली बसली. तिला आत नेलं, आणि कुणीतरी बोललं — "ताईले बी धरलं वं तलावातलीनं."

तेव्हापासून खोलीला बाहेरून कडी आहे. मोबाइल शकुबाईंकडे आहे. जेवण आणून देतात, डोक्यावरून हात फिरवतात. चांगल्याच आहेत त्या. हेच तर —

३१ डिसेंबर

शकुबाईंनी संस्थेत फोन केला. ताई घरच्या लग्नाला गेली म्हणून सांगितलं. मी दार बडवत होते, तरी सांगितलं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून, असं म्हणाल्या.

डॉक्टरांना सांगा म्हटलं. मला डॉक्टरांकडे न्या. हात जोडले. त्या दाराबाहेरून रडत म्हणाल्या, "नाई बाई. म्या माह्या पोरीले नाई नेलं, तं तुले कशी नेऊ? तुह्यं लगन व्हायचं हाये."

घरघर आता कोठीतून येत नाही. या खोलीतच आहे. उशीखाली —

१ जानेवारी

दादाशी बोलणं झालं! शकुबाईंनी फोन दाराच्या फटीशी धरला. मी सगळं सांगितलं, भराभर, बाळाचं, गुड्डीचं, आणि आवाजाचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं का? त्यानं फक्त आवाजाचं पुन्हा विचारलं. येतो म्हणाला. कुणाशी काही बोलू नकोस म्हणाला.

मग फोन शकुबाईंनी घेतला. त्या सपरीत जाऊन हळू बोलत होत्या. हो बावा, हो बावा.

पण दादा येतोय. शिकलेला आहे तो. थेट भंडाऱ्याला, डॉक्टरांकडे. मग पोलिसांकडे. मग गुड्डी. आधी गुड्डी. तिच्या पायाची चिंधी —

२ जानेवारी

कपडे भरून ठेवले. सकाळपासून खिडकीशी आहे. खिडकीतून पाळ दिसते, आणि पलीकडे तो मातीचा छोटा उंचवटा. रिता बसते तिथं. आजही बसली आहे. माझ्याकडे बघते.

आवाज मोठा झालाय. लिहिते म्हणजे जरा कमी —

गाडी आली! दादाचीच. हॉर्न ओळखते मी.

दाराच्या फटीतून दिसतो, सपरीत बसलाय. शकुबाई पाणी देतायत. मंगरू पुजारी पण आहेत, टिकारामही. मी हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. ऐकू गेली नसेल, घरघर इतकी आहे की —

आता बोलतोय. हळू बोलतोय, पण दादाचा आवाज. दवाखान्याचं नाव काढू नका म्हणतोय. पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत म्हणतोय, तोवर उतरलं पाहिजे. विचारतोय, महाराजाच्या ठाण्यापर्यंत गाडी जाते का, की पुढं पायी —

कडी काढतायत. दादा, नाही, मी बरी आहे, मी खरं सांगते, मीच त्या बाळाला —